पैसा आला, पण हाती लागला का?

काणकोणची खोला मिरची, सत्तरीचे काजूगर, घरोघरची आमसुले आणि चवथीच्या नेवऱ्या यांना एके काळी गिऱ्हाईक मिळे ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, नाही तर ओळखीपाळखीत. परगावच्या मागणीचे पैसे मनीऑर्डरने येत, अथवा माल व्ही.पी.ने धाडला जाई. पोस्टमन पैसे मोजून घेई आणि मगच पुडके हाती देई. विकणारा व घेणारा यांच्यामधील विश्वासाचा भार टपाल खाते उचलीत असे. आज मोबाईलवरील एका छायाचित्राच्या बळावर हाच माल पुण्या-बेळगावला जातो. परंतु तो भार मात्र घरी बसून धंदा करणाऱ्या गृहिणीच्या शिरावर आला आहे.

११ एप्रिल २०१६ रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय सुरू केले आणि १ जानेवारी २०२० पासून या व्यवहारांवरील व्यापारी शुल्क सरकारने शून्यावर आणले. दीडशे रुपयांची आमसुले विकणाऱ्याला पुरे दीडशे मिळावेत, ही सोय लहानसहान नव्हे, हे निर्विवाद आहे. तथापि, पैसे भरल्याचे बनावट छायाचित्र पाठवून माल उकळणारेही याच वाटेने आले. म्हणून गिऱ्हाइकाने काय पाठविले हे न पाहता आपल्या खात्यात काय जमा झाले ते पाहावे, आणि मगच पार्सल बांधावे. पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, हेही पक्के ध्यानी ठेवावे.

कार्डाने पैसे घ्यावयाचे तर पेमेंट गेटवेची मध्यस्थी आली. त्याचे शुल्क सामान्यतः दोन टक्क्यांच्या आसपास असते आणि त्या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर. तीन हजारांच्या मागणीमागे साठ रुपये शुल्क व दहा रुपये ऐंशी पैसे कर, म्हणजे सत्तर रुपये ऐंशी पैसे गेले. शिवाय रक्कम खात्यात यावयास एक-दोन दिवस लागतात आणि कार्डधारकाने तक्रार केल्यास ती परतही जाऊ शकते. मोठ्या मागणीसाठी हा खर्च परवडेल. पावशेर काजूगरांसाठी नाही. माल पोचल्यावर रोख घेण्याची पद्धत गिऱ्हाइकाला आवडते खरी, पण त्याने दार उघडलेच नाही तर जाण्या-येण्याचे भाडे विकणाऱ्याच्या माथी बसते आणि नेवऱ्या तर वाटेतच शिळ्या होतात.

या सर्वांहून गंभीर प्रश्न वेगळाच आहे. दूरच्या राज्यात कोणाची फसवणूक होते, त्या पैशांतील पाचशे रुपये या हातातून त्या हातात फिरत येथील एखाद्या प्रामाणिक विक्रेत्याच्या खात्यात येतात आणि पोलिसांच्या सूचनेवरून बँक त्याचे सारे खातेच गोठविते. गुन्हा परक्याचा, शिक्षा मात्र निरपराध्याला! मुलांची फी, विजेचे बिल, पुढच्या मालाचे भांडवल, सारेच अडकते. वादातील रकमेपुरतीच बंदी असावी, अशी भूमिका केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घेतली होती. ती न्याय्य आहे. फसवणूक झालेल्याने १९३० या क्रमांकावर तक्रार करावी व तपास तत्परतेने व्हावा, याबद्दल दुमत नाही. परंतु पाचशे रुपयांच्या संशयापायी पन्नास हजारांची पुंजी कुलूपबंद करणे हा तपास नव्हे.

विक्रेत्यांनी धंद्याचे खाते घरखर्चाच्या खात्याहून वेगळे ठेवावे, प्रत्येक मागणीची नोंद व पावती जपावी आणि नाशवंत माल आगाऊ पैशांशिवाय धाडू नये, हे आम्ही आग्रहाने सांगू. पण शहाणपणाचा सारा मक्ता त्यांच्याकडेच का? खाते गोठविले तर कारण काय, तक्रार कोणत्या ठाण्याची आणि दाद कोणाकडे मागावयाची, हे बँकेने खातेदाराला लेखी कळवावे. रोकडीवाचून व्यवहार करा, असे सरकारने लोकांना सांगितले आणि लोकांनी ते ऐकले. आता त्या पैशाची राखण करणे हे सरकारचे व बँकांचे कर्तव्य आहे. व्ही.पी.च्या काळात पोस्टमनने जो विश्वास राखला, तो यंत्राच्या काळात हरवू नये, एवढीच अपेक्षा.