आधी वाफसा, मग पेरणी



म्हसवडच्या बाजूला, आपल्या माणदेशात, पाऊस कसा येतो हे तुम्हांला मी सांगायला नको. एखादी सर येते, मातीचा वास सुटतो आणि उतावळा गडी लगेच पाभर बाहेर काढतो. जाणता शेतकरी मात्र बांधावर बसून माती मुठीत दाबून पाहतो. ओल किती खोल गेली? वाफसा आला का? मगच तो बैल जुंपतो. घाई करणाऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते. बी जातं, मजुरी जाते. पण निदान पुन्हा पेरता तरी येतं.

आज मला बोलायचं आहे ते दुबार न होणाऱ्या पेरणीबद्दल. म्हणजे शाळा वाढवण्याबद्दल.

एखाद्या गावात लहानशी शाळा नीट चालू लागते. मुलं वाचू लागतात, पाढे म्हणू लागतात. शेजारच्या वाड्यावस्त्यांवरून मुलं येऊ लागतात. मग चालकांना हुरूप येतो. पालकांची सभा भरते आणि जाहीर होतं : 'यंदा सातवीपर्यंतचे वर्ग एकदम काढू, पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात शाखा काढू.' टाळ्या पडतात. पण मागं बसलेली एक आई शेजारणीला हळूच विचारते, 'अगं, दुसरीच्या बाईंना वर नेलं तर आपल्या पोरांना कोण शिकवणार?' हा प्रश्न पुढच्या रांगेपर्यंत पोचत नाही. तो पोचला पाहिजे.

त्याच सभेत दुसरा एक बाप बसलेला असतो. त्याची मुलगी चौथी पास झाली आहे. पुढची शाळा लांब, एस. टी. वेळेवर येईल याचा भरवसा नाही. तो म्हणतो, 'गुरुजी, खोली नसली तर झाडाखाली बसवा, पण वर्ग काढा. नाहीतर पोरगी घरी बसेल.' त्याचंही खरंच आहे. सगळं जमून येईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर आपल्या दुष्काळी मुलखात एकही शाळा उभी राहिली नसती. म्हणून शाळा वाढू नये असं कोणी समजू नये. वाढ हवीच. ती कोणत्या क्रमानं व्हावी, एवढाच प्रश्न आहे.

मी स्वतः अशा घाईचं फळ चाखलं आहे. मी शिकत होतो त्या शाळेनं एका वर्षी आठवीचा वर्ग काढला. शाळेचं नाव घेत नाही. चालकांचा हेतू चांगला होता. पण गणिताचे शिक्षक दिवाळीपर्यंत आलेच नाहीत. कधी चित्रकलेचे सर आम्हांला उदाहरणं घालीत, कधी आम्हीच एकमेकांना. बीजगणिताचा पाया तेव्हा जो कच्चा राहिला, तो पुढं कॉलेजातही मला छळत राहिला. पुढच्या वर्षी शाळेला उत्तम शिक्षक मिळाले. शाळेची चूक एका वर्षात दुरुस्त झाली. आम्हां मुलांचं ते वर्ष मात्र परत आलं नाही.

मग वाढावं कसं? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्याच सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्थेचं ठाणं साताऱ्यास आलं. पुढं १९३५ साली त्यांनी साताऱ्यात शिक्षक तयार करणारं अध्यापन विद्यालय काढलं. खेडोपाडी व्हॉलंटरी शाळांची मोठी मोहीम निघाली ती त्यानंतर, १९३८ च्या सुमारास. आणि अशा शाळांची संख्या पुढं पाचशेवर गेली. हा क्रम ध्यानात घ्या. आधी गुरुजी घडवले, मग शाळा काढल्या. पैसा थोडा, इमारती साध्या, कुठं देवळात तर कुठं चावडीत वर्ग. पण वर्गापुढं उभं राहायला माणूस तयार होता. रयतेचं बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वड लांबवर पसरतो, पण पारंब्या सोडून त्या जमिनीत रुजवत पसरतो. म्हणूनच त्याच्या फांद्यांना भार पेलतो.

हीच काळजी परदेशांतल्या आईबापांनाही पडते. अमेरिकेत 'चार्टर स्कूल' नावाचा एक प्रकार आहे. चार्टर म्हणजे सनद. पैसा सरकारी, कारभार स्वतंत्र मंडळाचा. आणि काय शिकवू, कसं शिकवू याचा लेखी करार. मिनेसोटा राज्यानं असा पहिला कायदा १९९१ साली केला आणि पहिली शाळा १९९२ साली उघडली. दिलेला शब्द पाळला नाही, तर सनद काढून घेता येते. तिथंही एखादी शाळा नावारूपाला आली की लगेच नवे वर्ग, नवी इमारत अशी घाई होते. मग पालक उठून विचारतात : पहिली पिढी अजून वरच्या वर्गापर्यंत पोचली नाही, तोवर दुसरी शाखा कशाला? आपली म्हसवडची आई जे विचारते, तेच हे.

आपल्याकडं हे प्रश्न विचारायला कायद्याचा आधार आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला. त्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागं एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागं एक शिक्षक असं प्रमाण दिलं आहे. सहावीपासून पुढं विज्ञान-गणित, समाजशास्त्र आणि भाषा यांना निदान एकेक शिक्षक हवा. प्रत्येक शिक्षकामागं एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं आणि प्यायचं पाणी हवं. मान्यतेवाचून शाळा चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. खाजगी शाळांतल्या फीसंबंधी महाराष्ट्राचा २०११ चा कायदा आहे. त्यानुसार शिक्षक-पालक संघ स्थापावा लागतो.

तेव्हा वाढीची सभा भरली की पाच गोष्टी विचारा. पहिली : नव्या वर्गाचे शिक्षक नेमले आहेत का? 'नेमू' हे उत्तर नव्हे. नाव सांगा म्हणावं. दुसरी : खालच्या वर्गाचे शिक्षक वर जाणार असतील, तर त्यांच्या जागी कोण येणार? तिसरी : खोली आणि पाणी जूनच्या आधी तयार होईल का? चौथी : खर्च कुठून येणार, आणि त्यासाठी फी वाढणार का? पाचवी : वाढवलेल्या वर्गाची मान्यता हाती आली आहे का? शाळेला मान्यता आहे एवढ्यावर समाधान मानू नका. नव्या वर्गाचा कागद पाहा. उत्तरं सभेच्या वहीत लिहून घ्या. आणि सभा अशा दिवशी ठेवायला सांगा, की मेंढरं घेऊन बाहेर गेलेले आणि कामाला परगावी असलेले आईबापही येऊ शकतील. नाहीच जमलं, तर घरच्या आजीला बोलावा. मूल बहुधा तिच्याजवळच असतं.

या पाचांपैकी चारांना समाधानकारक उत्तर मिळालं आणि एक राहिलं, तर भांडू नका. एकदम तीन वर्ग काढण्याऐवजी यंदा एकच काढा, असं सुचवा. मुलं वर सरकतील तसतसा दरवर्षी एक वर्ग वाढवावा. त्या चौथी पास मुलीची सोय होते आणि दुसरीच्या मुलांच्या बाईही जात नाहीत.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. पालकानं असा प्रश्न केला की तो आपल्यावरचा अविश्वास समजू नका. ज्याला शाळेशी काही देणंघेणं नाही, तो माणूस प्रश्नच विचारीत नाही. आणि आपल्यावर तीन वर्ग एकदम येऊन पडणार असतील, तर ते सभेत मोकळेपणानं सांगा. तुम्ही गप्प बसलात, तर चालकांना वाटेल की सगळं ठीक आहे, आणि ओझं मात्र मुलांवर पडेल.

श्रोतेहो, शाळा हे गावाचं शेतच आहे. ते वाढवा, नवं रान मोडा, अवश्य मोडा. पण पाभर धरण्याआधी माती एकदा मुठीत दाबून पाहा. बाजरी दुसऱ्यांदा पेरता येते. मुलाची पाचवी दुसऱ्यांदा पेरता येत नाही.