जुन्या टेम्पोचा डिझेलकांटा

पापडीकडील बागाइतदारास भाजी व फुलें पहांटेच्या बाजारास मुंबईस पोंचवावयाचीं असतात. अशा वेळीं कांटा अर्धी टाकी दाखवीत असतांना गाडी खाडीच्या पुलाअलीकडेच बंद पडली, तर नुसतें डिझेल ओतून भागत नाहीं. नळ्यांत शिरलेली हवा बहुधा काढावी लागते. तोंवर भाव उतरतो. सबब कांट्याची परीक्षा कशी करावी, तें येथें देत आहों.

टाकींत दांडीच्या टोकास एक तरंगा असतो. तो इंधनाबरोबर वरखालीं होतो व त्यासरशीं विजेच्या वाटेंतील अडथळा कमीजास्त होतो. बॅटरीचा प्रवाह कांट्यांतून टाकीकडे व तेथून चेसिसला जातो. या वाटेंत कोठें खंड पडला, तेवढेंच शोधावयाचें.

प्रथम फ्यूज पाहावा. इंजिनाच्या उष्णतेचा कांटाही त्याच वेळीं बिघडला असेल, तर दोष दोहोंच्या सामाईक पुरवठ्यांत असण्याचा संभव अधिक. नंतर किल्ली फिरवून टाकीवरील वायर सोडावी व तिचें टोक टाकीपासून दूर, चेसिसच्या उघड्या लोखंडास क्षणभरच टेकवावें. अधिक वेळ धरल्यास कांहीं कांटे जळतात. कांटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकास गेला, तर कांटा व वायर निर्दोष, बिघाड टाकीकडे. न हलल्यास कांट्यापासून चेसिसला निराळी वायर क्षणभर लावून पाहावी. तेव्हां हलला तर जुनी वायर तुटलेली. नाहीं तर कांटा किंवा त्याचा पुरवठा सदोष.

टाकीकडील दोष पुष्कळदां गंजाचा असतो. आपल्याकडील खारी हवा त्यास साह्यच करते. तरंग्याच्या झांकणाची पत्री वायरनें चेसिसला जोडतांच कांटा सुधारला, तर सांधा घांसून घट्ट करावा. न सुधारल्यास तरंगा बाहेर काढून हलवावा. आंत इंधन खळखळलें तर तो फुटका समजावा. बदली भाग त्याच गाडीचा घ्यावा, कारण अडथळ्याचें माप सर्व गाड्यांत सारखें नसतें.

टाकी उघडण्यापूर्वीं बॅटरी सोडावी, काम मोकळ्या हवेंत करावें व विडी जवळ आणूं नये. पेट्रोलच्या गाडीस तर ठिणगीही घातक होय.

दुरुस्तीनंतर रिकाम्या टाकींत पांच पांच लिटर मोजून ओतावें आणि प्रत्येक वेळीं कांटा कोठें येतो, तें वहींत टिपावें. जमाखर्चाचा ताळा पडल्याखेरीज आपण बेरीज मान्य करीत नाहीं. कांट्यासही तोच न्याय लावावा.