दरी न उतरता ग्रँड कॅन्यन

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनचे नाव काढले की आपल्याकडे दोन समज ऐकू येतात. पहिला असा की, ती धडधाकट तरुणांनी पाठीवर सामान बांधून उतरायची दरी आहे. म्हाताऱ्या-कोताऱ्यांचे आणि लेकराबाळांचे तिथे काम नाही. दुसरा असा की, कठड्यापाशी उभे राहून एक फोटो काढला की ग्रँड कॅन्यन पाहून झाली. दोन्ही समज खरे नाहीत.

आम्ही दोघे नवरा-बायको साठी ओलांडलेली माणसे. एकाचे गुडघे धरतात, दुसरीला रक्तदाबाची गोळी चालू. लेक आणि जावई ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात नोकरीला आहेत, म्हणून तिकडे जाणे घडले. सात वर्षांच्या नातवाला बरोबर घेऊन आम्ही दोन दिवस दरीच्या काठावर फिरलो, एकही पायवाट खाली न उतरता. गिरणगावातील चाळीत संसार केलेल्या आमच्यासारख्यांना स्वतःच्या खिशातून असा प्रवास परवडला नसता, हे उघडच आहे. पण आज आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली शिकून परदेशात गेली आहेत आणि आई-वडिलांना बोलावून घेत आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे, आणि जे जाणार नाहीत त्यांनाही घरबसल्या चार गोष्टी कळाव्यात, यासाठी हा लेख.

दरी केवढी, काठ कोणता?

ही दरी कोलोरॅडो नदीने कोरली आहे. नदीच्या वाटेने मोजली तर लांबी ४४६ किलोमीटर. म्हणजे मुंबईहून रेल्वेने सोलापूरला जावे जवळजवळ तेवढी. रुंदी कुठे कुठे २९ किलोमीटर, आणि खोली दीड किलोमीटरहून जास्त. १९०८ साली तिला राष्ट्रीय स्मारकाचा आणि २६ फेब्रुवारी १९१९ रोजी राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आपली अजिंठ्याची लेणी १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. ग्रँड कॅन्यन १९७९ मध्येच आली होती.

दरीला दोन काठ आहेत. उत्तर काठ हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो, आणि तिथले जुने प्रसिद्ध लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळून गेले. दक्षिण काठ बाराही महिने उघडा. सहकुटुंब जायचे तर दक्षिण काठच धरावा. फिनिक्सहून मोटारीने साधारण चार तास लागतात. एक ध्यानात ठेवावे, हा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फूट उंच आहे; महाबळेश्वरच्या दीडपटीहून अधिक. दोन पावले भरभर टाकली तरी धाप लागते. पहिल्या दिवशी सावकाश चालावे.

कोणते पॉइंट पाहावेत?

महाबळेश्वर-माथेरानला आपण जसे पॉइंट पाहत फिरतो, तसेच इथे आहे. माहिती केंद्राजवळचा मॅथर पॉइंट सर्वांत सोपा. गाडी लावून पाच-दहा मिनिटे चालले की समोर दरी. गर्दी मात्र फार. सकाळी लवकर गेल्यास कठड्यापाशी निवांत उभे राहता येते.

तिथून काठाकाठाने यावापाय पॉइंट गाठता येतो. वाट डांबरी, सपाट. यावापायला १९२८ साली बांधलेले दगडी संग्रहालय आहे. त्याच्या मोठ्या काचेच्या खिडक्यांतून दरी दिसते, आणि कोणता थर कोणता हे समजावून सांगणारे फलक आहेत. थंडी-वाऱ्यात म्हाताऱ्या माणसांना बसून पाहायला ही जागा उत्तम.

मुलांसाठी सर्वांत चांगली गोष्ट इथूनच सुरू होते. ‘ट्रेल ऑफ टाइम’ म्हणजे काळाची वाट. मुख्य वाटेवर एक मीटर चालले की दहा लाख वर्षे मागे गेलो, असा हिशेब आहे. जमिनीत पितळी खुणा बसवल्या आहेत आणि वाटेकडेला दरीतले खरे दगड मांडले आहेत. त्यांना हात लावायला मनाई नाही. नातवाने प्रत्येक दगडावर हात फिरवून पाहिला. आम्ही त्याला आपला हिशेब सांगितला. नदी ही दरी खोल कोरू लागली त्याला पन्नास-साठ लाख वर्षे झाली, म्हणजे पाच-सहा मीटर. अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या खडकात खोदली तो खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे पासष्ट मीटर. ज्या दगडावर आपण उभे आहोत, तो दरीचा सर्वांत वरचा थर सुमारे सत्तावीस कोटी वर्षांचा. एके काळी तो समुद्राचा तळ होता. आणि भगवान बुद्धांना होऊन अडीच हजार वर्षे झाली, ती या वाटेवर किती? अडीच मिलिमीटर! पोराने दोन बोटांच्या चिमटीत तेवढे अंतर धरून पाहिले. शाळेच्या पुस्तकातून हे कधी उमगले नसते.

दुसऱ्या दिवशी हर्मिट रोडने जावे. हा रस्ता ११ किलोमीटरचा. मार्च ते नोव्हेंबर या काळात त्यावर खाजगी गाड्यांना बंदी आहे. उद्यानाची बस धावते आणि तिला वेगळे तिकीट नाही. मोटारवाला असो की पायी आलेला, सगळे एकाच रांगेत. बसला रॅम्प असतो, व्हीलचेअर वर घेता येते. हवे त्या पॉइंटला उतरावे, पाहावे, मागच्या बसने पुढे जावे. परतीच्या वाटेवर मात्र बस मोजक्याच ठिकाणी थांबते, हे आधी पाहून ठेवावे. मावळतीचा सूर्य पाहायला होपी पॉइंट नामांकित आहे. शेवटच्या बसची वेळ विचारून मगच थांबावे. रस्त्याच्या टोकाला हर्मिट्स रेस्ट ही १९१४ ची दगडी वास्तू आहे.

पूर्वेकडे डेझर्ट व्ह्यूचा रस्ता आहे. तिथे स्वतःची गाडी नेता येते. टोकाला १९३२ साली बांधलेला सत्तर फुटी दगडी बुरूज उभा आहे. हर्मिट्स रेस्ट आणि हा बुरूज, दोन्हींची आखणी मेरी कोल्टर या बाईंची. ज्या काळात बाईमाणसाला वास्तुरचनेचे काम सहसा मिळत नव्हते, त्या काळात त्यांनी ही कामे केली. बुरुजाच्या आतील भिंतींवर होपी जमातीचे चित्रकार फ्रेड काबोटी यांची चित्रे आहेत. कोलोरॅडो नदीही या बाजूने चांगली दिसते.

नावे कुणाची, जागा कुणाची?

दरीच्या नकाशात ‘बुद्धा टेंपल’ नावाचा सुळका आहे. उंची सुमारे ७,२०० फूट. तिथे विहार नाही, मूर्ती नाही. निसर्गाने घडवलेला नुसता खडक. १८८० च्या सुमारास क्लॅरन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने इथल्या सुळक्यांना पूर्वेकडच्या देवादिकांची नावे द्यायला सुरुवात केली आणि पुढच्यांनी तोच पायंडा चालवला. म्हणून इथे विष्णू, शिव, ब्रह्मा आहेत, कन्फ्युशियस आहे, झरतुष्ट्र आहे. ‘मनू टेंपल’सुद्धा आहे. ते वाचून आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसलो. सात समुद्र ओलांडून आलो तरी मनू नकाशात हजर!

पण हसून झाल्यावर विचार येतो. इतक्या दूरच्या देशांतली नावे पुस्तकांतून उचलून इथल्या दगडांना दिली. जी माणसे पिढ्यान् पिढ्या इथे राहत होती, त्यांचे काय? यावापाय, होपी, मोहावे, पिमा, मॅरिकोपा, नावाहो या पॉइंटांच्या पाट्या म्हणजे सगळी जमातींचीच नावे. पाट्यांवर नावे आली, म्हणून माणसांना मान मिळाला असे नव्हे.

हर्मिट रोडच्या सुरुवातीच्या ट्रेलव्ह्यू ओव्हरलुकवरून खाली पाहिले, तर तांबड्या खडकात एक हिरवा पट्टा दिसतो. नातवाने विचारले, “आजोबा, एवढ्या खाली हिरवं कसं?” तिथे झरा आहे. हावासुपाय जमातीचे लोक तिथे शेती करीत. आज हजारो प्रवासी ज्या ब्राइट एंजल वाटेने खाली उतरतात, तीही मुळात त्यांचीच वाट. १८८२ साली सरकारने या जमातीला बाजूच्या एका दरीतील अवघ्या ५१८ एकरांत कोंडले. उद्यान झाल्यावर झऱ्याकाठच्या उरल्यासुरल्यांनाही हटवले. तिथल्या शेवटच्या रहिवाशाला, कॅप्टन बुरो यांना, १९२८ मध्ये जागा सोडावी लागली. ज्या वर्षी यावापायचे संग्रहालय उभे राहिले, त्याच वर्षी.

जमातीने हक्क सोडला नाही. १९७५ च्या कायद्याने सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन तिला परत मिळाली. आजही हे लोक दरीतील सुपाय गावी राहतात. तिथे मोटार जात नाही, टपाल खेचरावरून पोचते. त्या हिरव्या पट्ट्याला मात्र कैक वर्षे ‘इंडियन गार्डन’ असेच म्हणत होते. जमातीने मागणी केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याचे अधिकृत नाव ‘हावासुपाय गार्डन्स’ झाले.

नाव बदलल्याने काय होते, असे विचारणारे लोक तिकडेही असतील. मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी १९९४ पर्यंत काय सोसावे लागले, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रश्न पडणार नाही.

खर्च आणि खबरदारी

एका मोटारीला ३५ डॉलर प्रवेश फी पडते आणि ती सात दिवस चालते. परंतु जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षे वा त्यावरील पाहुण्यांना या उद्यानात माणशी १०० डॉलर जादा आकार लागू झाला आहे. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. लेक-जावयाकडे गेलेले आई-वडील यात येतात. दोन-तीन उद्याने पाहायची असतील तर पासचा हिशेब करून पाहावा, आणि निघण्यापूर्वी चालू दर विचारून घ्यावेत.

खाणे घरून न्यावे. आम्ही चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी नेली होती. पाणी भरून घ्यायला नळ आहेत, बाटली जवळ ठेवावी. खारी धीटपणे अंगाशी येतात. त्यांना खाऊ घालू नये. मनाई आहे आणि त्या चावतात.

कठडा सगळीकडे नाही. मुलाचा हात सोडू नये, आणि फोटोसाठी मागे मागे सरकू नये. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाट सुरू झाला की काठ सोडून बसमध्ये किंवा इमारतीत जावे, वीज पडते. उन्हाळ्यात दरीच्या तळाशी पारा चाळीस अंशांच्या वर जातो. उतरणे सोपे वाटते, पण चढायला दुप्पट वेळ लागतो. ज्याला सवय नाही त्याने मोह आवरावा.

मुलांसाठी ‘ज्युनियर रेंजर’ची पुस्तिका मोफत मिळते. ती भरून दाखवली की रेंजर मुलाकडून शपथ घेऊन बिल्ला देतात. नातवाने तो बिल्ला मिळवला. पण आम्हाला जास्त समाधान त्याच्या एका प्रश्नाचे वाटते. हिरवा पट्टा दाखवून झाल्यावर त्याने विचारले होते, “मग ती माणसं कुठं गेली?”

वाचकहो, कुठलेही प्रेक्षणीय स्थळ पाहायला जा, ग्रँड कॅन्यन असो की आपले माथेरान. मुलांना दोन प्रश्न विचारायची सवय लावा. हे घडले कसे? आणि इथे आधी कोण राहत होते? पहिल्या प्रश्नाने डोळे उघडतात. दुसऱ्याने माणुसकी शाबूत राहते.