शुभ्र पिसांचे छायाचित्र

भातलावणीच्या दिवसांत खाचरांकडे नजर टाकली, म्हणजे हिरव्या रोपांमधून पांढरे बगळे संथपणे पावले टाकीत चाललेले दिसतात. चिखलात दिवसभर वावरूनही त्यांच्या अंगावर डाग म्हणून दिसत नाही. त्यांचे छायाचित्र घेण्याचा मोह कोणालाही व्हावा, यात नवल नाही. परंतु छायाचित्र घेऊन पाहावे, तर बहुधा निराशाच पदरी येते. खाचर आहे, रोपे आहेत, पाण्यावरचे तरंगही आहेत. बगळ्याच्या जागी मात्र कात्रीने कापून चिकटविलेला कोरा कागद! चोच आणि पाय तेवढे ओळखू येतात. पंख कोठे संपला व पाठ कोठे सुरू झाली, हेही कळत नाही. डोळ्यांना स्पष्ट दिसलेली ती पिसे गेली कोठे?

हे समजण्यासाठी कॅमेऱ्याच्या आत काय घडते, ते पाहिले पाहिजे. पूर्वी सर्वच कॅमेऱ्यांत फिल्म असे. आता बहुतेक कॅमेऱ्यांत, आणि मोबाइल फोनमध्येही, तिची जागा एका लहानशा प्रकाशग्राही पटलाने घेतली आहे. या पटलावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. ज्या घरात जितका प्रकाश पडतो, तितका चित्रातील तो ठिपका उजळ होतो. पावसात पागोळ्यांखाली ओळीने वाट्या मांडून ठेवल्या आहेत, अशी कल्पना करा. थोड्या वेळाने त्या उचलल्या, तर कोणती पागोळी मोठी व कोणती लहान, हे वाटीतील पाण्यावरून सांगता येते. पण वाट्या फार वेळ तशाच राहिल्या, तर सर्व काठोकाठ भरून वाहू लागतात. मग मोठी पागोळी कोणती आणि लहान कोणती, हे कोणालाही सांगता येणार नाही. बगळ्याच्या पिसांचे असेच होते. पिसाची उजळ कड आणि दोन पिसांमधील फिकट सावली यांत मुळात अंतर थोडे. प्रकाश जास्त झाला, की दोन्ही वाट्या भरतात आणि ते अंतर वाहून जाते. नेहमीच्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. सारी पिसे २५५ या शेवटच्या पायरीवर जाऊन बसली, म्हणजे मागाहून कितीही खटपट केली तरी ती खाली उतरत नाहीत. अंधारात राहिलेला भाग पुढे थोडाफार उजळता येतो. वाहून गेलेला पांढरा भाग परत येत नाही.

मग कॅमेरा इतका प्रकाश घेतोच कशाला? कारण त्यातील प्रकाशमापकाला समोर बगळा आहे की दगड, हे ठाऊक नसते. समोरचे दृश्य सरासरीने मधल्या राखाडी रंगाचे असावे, एवढे एकच गृहीत धरून तो चालतो. घरातील सर्वांच्या उंचीची सरासरी काढून एकाच मापाचे सदरे शिवणाऱ्या शिंप्यासारखा हा कारभार आहे! अलीकडचे कॅमेरे दृश्याचे अनेक भाग पाडून अधिक शहाणपणाने विचार करतात, हे खरे. परंतु मूळ खोड पुरती गेलेली नाही.

हिवाळ्यात म्हशीच्या पाठीवर बसलेला गायबगळा घ्या. म्हैस चालू लागली, की तिच्या पायांखालून किडे व नाकतोडे उडतात. ते टिपण्यासाठी हा पक्षी गुरांची पाठ सोडीत नाही. आता चित्राची चौकट पाहा. तिच्यात काळीभोर म्हैस पुष्कळ आणि पांढरा बगळा थोडा. मापकाला वाटते, दृश्य फारच काळे आहे. म्हणून तो प्रकाश वाढवितो. म्हैस राखाडी होते आणि बगळा करपून जातो. अशा वेळी कॅमेऱ्याला मुद्दाम कमी प्रकाश घ्यावयास सांगावे लागते. प्रकाश निम्मा करणे याला एक स्टॉप कमी करणे म्हणतात. येथे एक, प्रसंगी दोन स्टॉपही कमी करावे लागतात. बहुतेक फोनांत पडद्यावर बगळ्यावर बोट टेकविले, तर शेजारी सूर्याचे लहानसे चिन्ह उमटते. ते खाली ओढले, की हेच काम होते. म्हैस अधिक काळी दिसेल, पण ती तशीच असते! चित्र पिसांसाठी घ्यावयाचे असेल, तर माझ्या मते तिला खुशाल काळोखात जाऊ द्यावे.

याच्या उलट, बगळ्यांच्या दाट थव्याने सारी चौकट भरली, तर मापक प्रकाश कमी करतो आणि शुभ्र पक्षी मळकट दिसतात. तेथे प्रकाश वाढवावा लागतो. म्हणजे पक्षी तोच. उपाय मात्र पार्श्वभूमी पाहून ठरवावयाचा.

गंमत अशी, की बगळ्याच्या पिसात पांढरा रंग मुळी नसतोच. आपली नखे ज्या जातीच्या द्रव्याची, त्याच केराटिन नावाच्या द्रव्याचे पीस बनलेले असते. त्यात रंगद्रव्य नसले, तर आतील हवेच्या असंख्य पोकळ्यांमुळे प्रकाश सर्व दिशांना विखुरतो व पीस पांढरे दिसते. मिठाचा स्वच्छ खडा काचेसारखा असतो. तो कुटला, की पांढरा होतो, तसेच हे. रंगीत पक्ष्याचे चित्र रंगांच्या भेदाने उठून दिसते. बगळ्याजवळ तो भेद नाही. त्याचे पीस न् पीस दाखविते ती केवळ सावली.

म्हणून प्रकाश कोणत्या बाजूने येतो, याला फार महत्त्व आहे. रात्री खोली अंधारी करून एक पांढरा टॉवेल टांगा आणि त्यावर समोरून विजेरीचा झोत टाका. टॉवेल सपाट दिसेल. आता तीच विजेरी बाजूला, कापडाच्या जवळ धरा. लगेच त्याचा धागा न् धागा उठून दिसेल. सकाळी सूर्य खाली असताना त्याचे तिरपे किरण बगळ्याच्या अंगावर हेच काम करतात. भर दुपारचे ऊन टाळावे. विरळ ढगांनी ऊन मवाळ झाले असेल, तर तेही चांगले.

पिसांच्या या बारकाव्यासाठी इतका खटाटोप का करावा, असे कोणी विचारील. विणीच्या हंगामात काही बगळ्यांच्या पाठीवर तलम, झिरमिळ्यांसारखी पिसे फुटतात. साध्या पिसाचे तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात. या पिसांचे तंतू सुटे असल्यामुळे ती वाऱ्यावर भुरभुरतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांसाठी या तुऱ्यांना एवढी मागणी आली, की ते वजनाला सोन्याहूनही महाग विकले जात. ती पिसे विणीच्या काळातच मिळत; त्यामुळे मोठे पक्षी मारले जात आणि घरट्यातील पिले उपाशी मरत. या व्यापाराविरुद्ध १८८९ साली इंग्लंडमध्ये काही स्त्रियांनी पक्षिरक्षणाची संस्था काढली. हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीला १९०२ साली बंदी झाली, तर ब्रिटनने आयातबंदीचा कायदा १९२१ साली केला. हे तलम तंतू आजच्या चित्रातही सर्वांत आधी करपतात. ते टिपण्यासाठी घरट्याजवळ जाऊ नये. दूर अंतरावरून लांब पल्ल्याच्या भिंगाने काम घ्यावे. माणसाला पाहून मोठा पक्षी उठून गेला, तर पिले उन्हात उघडी पडतात.

आता उडणाऱ्या बगळ्याचे पाहू. तो काळ्या शेतावरून उठतो आणि क्षणात उजळ आभाळासमोर येतो. पार्श्वभूमी बदलली, की मापकाचे मत बदलते. पक्ष्याच्या अंगावरचे ऊन मात्र तेवढेच असते. म्हणून येथे मापकाला विश्रांती देऊन आकडे हातानेच ठरवितात. स्वच्छ उन्हात कॅमेऱ्याची संवेदनशीलता ४०० व छिद्राचा आकडा ८ ठेवला, तर सामान्य दृश्याला सेकंदाचा सुमारे १६००वा भाग पुरतो. शुभ्र पक्ष्यासाठी एक स्टॉप कमी, म्हणजे ३२००वा भाग घ्यावा. इतक्या थोड्या वेळात पंखांची फडफडही स्थिर होते. सूर्य ढगाआड गेला, तर मात्र आकडे पुन्हा ठरवावे लागतील. आणि तोवर बगळा बहुधा पलीकडच्या बांधावर उतरलेला असेल.