कडू घोटातला सुगंध

कारल्याची भाजी पानात पडली की तोंड वाकडे करणारी माणसेही ‘पेल एल’ ही कडवट बिअर चवीने पिताना दिसतात. खरे तर कडू चव ही शरीराची धोक्याची घंटा. अनेक वनस्पतींमधली विषे कडू असल्याने ती ओळखणारे सुमारे 25 प्रकारचे संवेदक माणसात विकसित झाले. मग हा कडूपणा आवडतो कसा?

उत्तर हॉप्सच्या हिरव्या, शंकूसारख्या फुलांत आहे. ही वेल भांगेच्या कुळातली. तिच्या फुलांमध्ये पिवळसर, चिकट कण असतात आणि त्यांत दोन गोष्टी दडलेल्या असतात: अल्फा आम्ले आणि सुगंधी तेले. जवाच्या माल्टचा गोडसर अर्क हॉप्ससह तासभर उकळला की अल्फा आम्लांच्या रेणूंची रचना बदलते आणि कडूपणा उतरतो. पण त्याच उकळीत तेले वाफेबरोबर उडून जातात. म्हणून सुगंध हवा असेल तर हॉप्सचा आणखी एक हप्ता उकळीच्या अखेरीस किंवा थेट थंड बिअरमध्ये टाकतात. चहात वेलची शेवटी घालतात, तसेच हे.

अमेरिकेत 1972 मध्ये ‘कॅस्केड’ नावाचे हॉप्सचे वाण प्रसारित झाले. त्याला ग्रेपफ्रूटचा, म्हणजे आपल्या पपनसाच्या नात्यातल्या फळाचा वास. कॅलिफोर्नियातील चिको गावच्या ‘सिएरा नेवाडा’ या छोट्या कारखान्याने 1980 मध्ये याच वाणावर आपली पेल एल बेतली. आज जगभर मिळणाऱ्या सुगंधी पेल एलच्या घराण्यात तिचा मान मोठा आहे.

तिची पारख करायला बर्फासारखा गार ग्लास नको. अति थंडीत सुगंधी रेणू हवेत फारसे उठतच नाहीत. सात ते दहा अंश पुरेसे. ग्लास काठोकाठ भरू नये, वास साठायला जागा लागते. आधी हुंगावे, मग नाक चिमटीत धरून छोटा घोट घ्यावा. कडूपणा, किंचित गोडी आणि बुडबुड्यांची चुणचुण एवढेच जाणवते. चिमटी सोडली की संत्र्याची साल, देवदाराचा चीक, फुले असे सारे एकदम उमटते. घशामागून उच्छ्वासाबरोबर नाकात चढणारा हा वास मेंदू ‘चव’ म्हणूनच नोंदवतो. गोड माल्ट कडूपणाची धार बोथट करतो, ते वेगळेच.

कडू चव फक्त जिभेच्या मुळाशी कळते आणि त्यामुळे बिअर गिळल्याशिवाय पारखता येत नाही, असे सांगणारे भेटतात. जिभेचा तो जुना नकाशा चुकीचा आहे. कडू चवीचे संवेदक जिभेच्या इतर भागांवरही असतात. पारखीला दोन घोट खूप झाले.

हा सुगंध नाजूकही आहे. उन्हात ठेवलेल्या बाटलीत हॉप्सचे घटक प्रकाशाने तुटून एक गंधकयुक्त रेणू तयार होतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी नाकाला खुपतो. तपकिरी काच त्यासाठीच. पारदर्शक बाटली फक्त दिसायला छान. बाटली जुनी झाली तरी वास विझतो, कडूपणा मागे राहतो.

हॉप्समधल्या काही द्रव्यांवर प्रयोगशाळांत अभ्यास झाले आहेत आणि तेवढ्यावर बिअरला ‘आरोग्यदायी’ ठरवणारा प्रचार चालतो. तो फसवा आहे. 5.6 टक्के मद्यार्काच्या 355 मिलिलिटर बाटलीत जवळपास 16 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. अल्कोहोल कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाले आहे आणि त्याची कोणतीही मात्रा पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले. फळांचा वास मद्यार्काचा तिखटपणा झाकतो, त्यामुळे किती प्यायलो याचा अंदाज चुकतो. हॉप्सचा सुगंध मद्यार्कातून येत नाही. त्यामुळे थंड बिअरमध्ये हॉप्स मुरवण्याची तीच युक्ती वापरून आता मद्यार्क जवळजवळ काढून टाकलेल्या पेल एलही बनू लागल्या आहेत. त्या अंगाला जरा पातळ लागतात, पण पपनसाचा वास त्यांतही येतो.