भक्तनिवासाची दारे आणि विजेवर चालणारी कुलुपे

॥ श्री ॥



भक्तनिवासाच्या दारांना विजेवर चालणारी कुलुपे बसवावीत, असा प्रस्ताव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. त्यासंबंधी अनेकांकडून पृच्छा होत असल्याने या व्यवस्थेची माहिती येथे देत आहोत.

या व्यवस्थेत दाराजवळील यंत्र कार्ड, अंक किंवा बोटाचा ठसा ओळखते आणि यादीत नाव असल्यास कुलूप सोडते. किल्ली हरवली तर कुलूप बदलावे लागते. कार्ड हरवले तर कार्यालयातून ते यादीतून काढले की पुरते. उत्सवाच्या दिवसांत खोल्यांची अदलाबदल होते तेव्हा ही सोय मोठीच आहे.

विक्रेते सहसा जे आपणहून सांगत नाहीत, ते मात्र याहून महत्त्वाचे आहे. ही कुलुपे दोन जातींची असतात. चुंबकीय कुलपात चौकटीवरील विद्युतचुंबक दारावरील लोखंडी पट्टी धरून ठेवतो. सर्वसाधारण कुलूप सुमारे २७० किलोची ओढ सहन करते, पण वीज गेली की दार मोकळे होते. दुसऱ्या जातीत वीज मिळाली तरच कुलूप उघडते, एरवी ते बंदच राहते. पहिल्यात चोरीचे भय, दुसऱ्यात माणसे कोंडण्याचे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ जणांचा मृत्यू झाला. सज्जातून बाहेर पडण्याच्या वाटा बंद किंवा अडलेल्या होत्या आणि बहुतेकांचा अंत धुराने गुदमरून झाला. आपल्या भक्तनिवासात तर निम्म्याहून अधिक यात्रेकरू वयोवृद्ध असतात.

म्हणून मुख्य दारास चुंबकीय कुलूपच असावे, असे आमचे मत आहे. भारनियमनात ते सुटू नये म्हणून त्यास बॅटरी लागेल. परंतु बॅटरी असली की आगीत वीज तुटूनही दार बंद राहील, हे ध्यानात घ्यावे. यास्तव आगीची घंटा वाजताच बॅटरीकडून येणारा प्रवाहही तुटला पाहिजे, अशी जोडणी करारात स्पष्ट लिहून घ्यावी. खोल्यांची दारे आतून कार्डाविना, साध्या मुठीने उघडली पाहिजेत. (अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात, वेदीवर अग्नी पेटविताच देवळाची दारे उघडतील अशी युक्ती लिहून ठेवली आहे. तापलेली हवा पाणी ढकलते आणि त्या पाण्याच्या भाराने दार फिरते. कल्पना नवी नाही!)

ठशाच्या यंत्रास आमचा विरोध आहे. गंध उगाळून व भांडी घासून पुजारी आणि सेवेकरी यांच्या बोटांवरील रेषा झिजतात, वृद्धांच्या तर पुसट होतातच. शिवाय हरवलेले कार्ड बदलता येते, बोट बदलता येत नाही. आणि व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाल्यापासून अशी माहिती बाळगणे ही संस्थेवरील जबाबदारी आहे. कार्ड घेतानाही सर्वांत स्वस्त जात टाळावी. १२५ किलोहर्ट्झच्या साध्या कार्डाची नक्कल सहज होते.

गर्भगृह आणि दागिन्यांची खोली या योजनेतून वगळली आहे. तेथे एक किल्ली पुजाऱ्यांकडे व दुसरी कोषाध्यक्षांकडे, हीच रीत चालू राहील. पुरीच्या श्रीजगन्नाथ मंदिरातील रत्नभांडाराच्या आतील खोलीच्या किल्ल्या सापडत नसल्याचे २०१८ साली उघड झाले आणि १४ जुलै २०२४ रोजी कुलुपे तोडून ती उघडावी लागली. तेव्हा आपल्याकडे किल्ली कोणी कोणाच्या हाती दिली, याची तारखेनिशी नोंदवही ठेवावी, एवढीच भर आम्ही सुचवितो.

सभासदांनी आपल्या सूचना सभेपूर्वी आठ दिवस लेखी स्वरूपात कार्यालयात द्याव्यात. दरपत्रके कार्यालयीन वेळेत पाहावयास मिळतील.

विश्वस्त मंडळाच्या वतीने,
सचिव