फ्रेंच वर्गांतील शिमगा

हल्लीं शहरांतील कित्येक शाळांत मुलें संस्कृत सोडून फ्रेंच घेतात. कारण विचारलें, तर "गुण बरे पडतात" हें उत्तर ठरलेलें. परंतु केवळ गुणांसाठीं घोकलेली भाषा परीक्षेबरोबरच संपते. मग ती फ्रेंच असो वा संस्कृत. म्हणून शालेय फ्रेंच मंडळांनीं 'मार्दी ग्रा' हा सण साजरा करावा, हें संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या मला उचितच वाटतें.

'मार्दी ग्रा' म्हणजे शब्दशः 'स्निग्ध मंगळवार'. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ख्रिस्ती लोकांचा ईस्टरपूर्व उपवासकाल लागतो. पूर्वीं त्यांत मांस, अंडीं व लोणी वर्ज्य असे. तेव्हां घरांतले हे जिन्नस आदल्या दिवशीं संपवीत. पातळ धिरडीं व तळलेले गोड पदार्थ करण्याची चाल त्यांतूनच पडली. मुखवटे, सोंगें व थट्टा यांसहि त्या दिवशीं मोकळीक असते.

हा सण आपणांस अगदींच परका नाहीं. पोर्तुगीजांबरोबर तो गोमंतकांत येऊन 'इंत्रुज' झाला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'प्रवेश', अर्थात् व्रतकालांत प्रवेश. तेथें आजहि राजा मोमोची मिरवणूक निघते. ईस्टर पौर्णिमेवरून ठरतो व हा मंगळवार त्यापूर्वीं ४७ दिवस येतो. २०२५ सालीं तो ४ मार्चला होता, आणि आपली होळी १३ मार्चला.

दोंडाईच्याच्या मुलास तर याचें मर्म आपल्या खानदेशांतच सांपडेल. सातपुड्यांतील काठी येथील राजवाडी होळींत सोंगें घेणारे आदिवासी आधीं व्रत पाळतात, मग नाचतात. फ्रेंचांची मौज आधीं, व्रत नंतर. क्रम उलटा असला, तरी संयम व उल्हास यांची सांगड दोहींकडे आहे.

मात्र धिरडीं खाऊन मंडळानें थांबूं नये. प्रत्येक मुलानें आपल्या घरच्या होळीविषयीं पांच वाक्यें फ्रेंचमध्यें सांगावीं. त्यासाठीं त्याला आजीकडे बसून पुष्कळ विचारावें लागेल. संस्कृत शिक्षकांनींहि त्याच सुमारास हर्षाच्या 'रत्नावली'चा पहिला अंक वर्गांत वाचावा. त्यांतील वसंतोत्सवांत रंगचूर्ण उधळलें जातें, पिचकाऱ्याहि उडतात. तो अंक ऐकल्यावर तरी संस्कृत घ्यावें कीं फ्रेंच, हा प्रश्न घरांत गुणांच्या हिशेबावांचून बोलला जाईल.